अंटार्क्टिकाच्या नकाशातली ही मोकळी फाक कुणाची?

माहीमची_आई:
लेक आठवीत आहे, शाळेच्या प्रकल्पासाठी अंटार्क्टिकाचा नकाशा रंगवतेय. सात देशांचे सात रंग भरून झाले, पण 90 ते 150 अंश पश्चिम रेखांशांमधली फाक कुणाच्याच वाट्याला आलेली दिसत नाही. तिथे मोठ्या अक्षरात ‘मेरी बर्ड लँड’ लिहिलंय. ही मेरी कोण? आणि एवढी जमीन कुणी मागितलीच कशी नाही?

डोंगरवाट:
आता मागताही येणार नाही. 1959च्या अंटार्क्टिक करारानुसार नवा दावा करायला बंदी आहे, जुने दावे होते तिथेच गोठलेत. भारतही 1983 पासून या करारात आहे.

नकाशेवेडा_गिरगाव:
ताई, लेकीने फार चांगली जागा हेरली आहे. मेरी ही अमेरिकी ध्रुवसंशोधक रिचर्ड बर्ड यांची बायको. 1929 मध्ये बर्ड यांनी विमानातून हा मुलूख पाहिला आणि तिचं नाव दिलं. ती स्वतः तिकडे कधी गेली नाही. बर्ड यांना तो अमेरिकेसाठी हवा होता, पण अमेरिकेने औपचारिक दावा केलाच नाही आणि पुढे करार झाला. सुमारे 16 लाख चौरस किलोमीटर, म्हणजे आपले पाच महाराष्ट्र मावतील एवढा प्रदेश. कायमची वस्ती शून्य.

लेकीला तिथली बाकीची नावंही वाचायला सांगा. रॉकफेलर पठार. फोर्ड पर्वतरांगा, मोटारवाल्या एडसेल फोर्ड यांच्या नावाने. रुपर्ट किनारा, बिअरचे कारखानदार जेकब रुपर्ट यांचा. वॉलग्रीन किनारा, औषधांच्या दुकानांच्या मालकाचा. दक्षिणेकडे हॉर्लिक पर्वत, हो, तेच आपल्या डब्यावरचे हॉर्लिक! त्यांनी बर्ड यांच्या दुसऱ्या मोहिमेला पैसे दिले, विमानालाही त्यांचं नाव होतं. अंटार्क्टिकातला सर्वांत उंच ज्वालामुखी माउंट सिडली, त्याला हॉर्लिक यांच्या मुलीचं नाव आहे. विमानं, पेट्रोल, जहाजं यांचा खर्च ज्यांनी उचलला त्यांची ही यादी आहे.

देणगीदाराचं नाव मला खुपत नाही. तुमच्या माहीमचा लेडी जमशेटजी रोडच घ्या. अवाबाई जमशेटजी जीजीभॉय यांनी पैसे दिले म्हणून 1845 मध्ये माहीमचा कॉजवे खुला झाला आणि लोकांची खाडी ओलांडायची सोय झाली. चिंचपोकळी, फणसवाडी ही नावं तर राहणाऱ्यांच्या तोंडून आली. तिकडे हाक मारायलाच कुणी नव्हतं, त्यामुळे पहिल्यांदा वरून उडत गेला त्याने ठेवलं ते नाव टिकलं. पुढे अमेरिकेच्या नावसमितीने नियम घातले: नात्यागोत्यातली, मैत्रीतली नावं सहसा नकोत आणि मालाची किंवा स्लेजच्या कुत्र्यांची नावं कधीच नकोत. मेरीचं नाव आज सुचवलं असतं तर बहुधा अडकलं असतं.

वर्सोवा_किनारा:
एक भर घालतो. ‘लँड’ म्हटलं तरी तिथला बराचसा खडक समुद्रसपाटीच्या खाली आहे. बर्फाखालची बेंटली घळ तर सुमारे अडीच हजार मीटर खोल जाते. ती चार्ल्स बेंटली या भूभौतिकशास्त्रज्ञाच्या नावाने आहे, हे मला आवडतं. वॉलग्रीन किनाऱ्यावरची थ्वेट्स हिमनदीसुद्धा हिमनद्यांच्या अभ्यासकाच्या नावाची. ती पूर्ण वितळली तर जगभरचा समुद्र साधारण 65 सेंटिमीटरने वाढेल, आणि आमच्याकडे भरतीचं पाणी आत्ताच गल्लीत येतं. प्रकल्पात थ्वेट्स नक्की दाखवा.

माहीमची_आई:
खूप आभार! मग ती फाक कोरी ठेवायची का?

नकाशेवेडा_गिरगाव:
हो, कोरीच. फक्त नावाची सीमा आणि दाव्याची सीमा एक धरू नका. मेरी बर्ड लँड पश्चिमेला साधारण 158 अंशांपर्यंत जातं आणि न्यूझीलंडचा दावा 150 पासून सुरू होतो, म्हणून तो कोपरा न्यूझीलंडच्या रंगात येईल. पूर्वेला ते 103 अंशांच्या आसपास संपतं. तिथून 90 पर्यंतची जमीनही कुणाचीच नाही, पण तिचं नाव वेगळं, एल्सवर्थ लँड.