गोव्यातल्या न्यूज पोर्टलांनी फेसबुकवर लिंका टाकणं थांबवावं का?

म्हापसेकर: माझ्या मते थांबवावं. जानेवारी 2018 मध्ये फेसबुकने फीडमध्ये मित्र-नातेवाइकांना बातम्यांच्या पानांपेक्षा वर घेतलं, 2023 मध्ये फेसबुकमध्येच बातमी झटपट उघडणारं इन्स्टंट आर्टिकल्स गुंडाळलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कॅनडात बातम्यांना पैसे मोजायचा कायदा आला म्हणून तिथे बातम्या दाखवणंच बंद केलं. तरी आपली पोर्टलं लिंकांचा रतीब तिथेच घालतात. व्हॉट्सॲप चॅनेल उघडा, सगळा जोर तिथे लावा.

सत्तरीकर: चॅनेल म्हणजे रामबाण नव्हे. फॉलो केलं तरी ते म्यूटच असतं. वाचक घंटी चालू करील तेव्हा नोटिफिकेशन जाणार. आणि वाळपई-केरीकडच्या माणसाला चोर्ला घाट सुरू आहे की बंद, एवढंच हवं असतं. ते अर्ध्या मिनिटाच्या उभ्या व्हिडिओत सांगा, फेसबुकवरच. लिंक हवी कशाला?

म्हापसेकर: आणि पगार? जाहिरात साइटवर आहे, व्हिडिओच्या व्ह्यूजवर नाही.

पणजीवाला: आधी मोजणी नीट करा, मग भांडा. व्हॉट्सॲपवरून आलेला वाचक साइटचे वाचक मोजणाऱ्या ॲनालिटिक्समध्ये बहुतेकदा 'डायरेक्ट' (कुठून आला ते न कळलेला) म्हणून पडतो, म्हणून फेसबुक आहे त्याहून मोठं वाटतं. प्रत्येक लिंकला यूटीएम लावा, म्हणजे वाचक कुठून आला ते सांगणारी लिंकच्या शेवटची खूण. चॅनेलचा वेगळा, ग्रुपचा वेगळा.

दुसरं, प्रिव्ह्यू, म्हणजे लिंकसोबत दिसणारं चित्र आणि मथळा. शेअर इमेज 1200 बाय 630 पिक्सेल, वजन 300 केबीच्या आत. कॅमेऱ्यातला चार एमबीचा फोटो तसाच चढवला की व्हॉट्सॲपवर बऱ्याचदा चित्राविना उघडी लिंक जाते, आणि तिला कोण हात लावतो? मथळा मागाहून सुधारला तरी फेसबुक जुनाच दाखवत राहतं. फेसबुकच्याच शेअरिंग डीबगर या साधनात लिंक टाकून 'स्क्रेप अगेन' दाबावं लागतं. अपघातातल्या मृतांचा आकडा बदलला की नेमकं हेच राहून जातं, आणि शिव्या बातमीदाराला.

सत्तरीकर: यूटीएम पटलं. पण लिंकपेक्षा ग्राफिकच, म्हणजे बातमी लिहिलेलं चित्रच, जास्त फिरतं, त्यावर तुमचा कुठलाच टॅग चालत नाही. 2020 पासून खूप फॉरवर्ड झालेला मेसेज एका वेळी एकाच चॅटला जातो खरा, पण लोक स्क्रीनशॉट काढून नव्याने पाठवतात. मग गेल्या पावसाळ्यातलं 'घाट बंद' यंदा पुन्हा अवतरतं. तारीख, वेळ आणि पोर्टलचं नाव चित्रातच घाला, मजकुराला चिकटून. कोपऱ्यातलं कापलं जातं.

म्हापसेकर: ग्राफिकचं मान्य. फेसबुकवर लिंका मात्र मी तरी दिवसाला दोनच टाकीन, त्याही स्थानिक तपासाच्या.