'टॉम, डिक अँड हॅरी' म्हणजे सामान्य माणूस, असं शिकवायचं का?

खडूफळा:
नववीला इंग्रजी शिकवते. सहामाहीच्या पेपरात वडिलांवर दहा ओळी लिहायच्या होत्या. एका मुलाचं पहिलंच वाक्य: 'माय फादर इज अ टॉम, डिक अँड हॅरी.' वडील गवंडी आहेत. पुढचं सगळं इतकं छान लिहिलंय! साडेसहाला डबा घेऊन निघतात, रात्री सिमेंटने फुटलेल्या बोटांना खोबरेल चोळत बसतात. त्याला विचारलं तर म्हणाला, "बाई, गाईडात दिलंय, सामान्य माणूस म्हणून." गाईड उघडून बघितलं, खरंच तसंच छापलंय. एवढा राग आला!

त्या वाक्यावर मी अजून लाल पेन टेकवलेलं नाही. त्याला नेमकं काय सांगू? ॲव्हरेज जो, जॉन डो, जो ब्लॉग्ज असेही शब्द सापडले. यातला वडिलांना कुठला शोभेल?

जुना_अनुवादक:
बाई, 'टॉम, डिक अँड हॅरी' म्हणजे आपला सोम्यागोम्या. 'कुणीही सोम्यागोम्या उठतो आणि सल्ला देतो' यात जो तुच्छपणा आहे, तोच तिथे. म्हणून त्याच्याआधी बहुतेक वेळा 'एनी' किंवा 'एव्हरी' येतं. एका माणसाला कुणी 'अ टॉम, डिक अँड हॅरी' म्हणत नाही.

मुळात ही इंग्लंडातली घरोघरची नावं. थॉमसचा टॉम, रिचर्डचा डिक, हेन्रीचा हॅरी. सोमाचा सोम्या होतो तसंच. शेक्सपिअरच्या 'हेन्री चौथा'मध्ये राजपुत्र गुत्त्यातल्या पोऱ्यांची नावं सांगतो ती टॉम, डिक आणि फ्रान्सिस. हॅरी त्या जोडीला नंतर पक्का झाला.

तारीख_पे_तारीख:
जॉन डो तर अजिबात नको. तो कोर्टातला माणूस. इंग्लंडमध्ये जमिनीचा ताबा मागताना जॉन डो आणि रिचर्ड रो हे काल्पनिक पक्षकार उभे करायचे. 1852 च्या कायद्याने ती पद्धत गेली, नावं मात्र राहिली. अमेरिकेत आज ओळख न पटलेल्या मृतदेहालाही जॉन डो म्हणतात. वडिलांच्या बाबतीत हे किती अभद्र!

आपल्याकडेही 'जॉन डो ऑर्डर' निघते. सिनेमाची चोरटी कॉपी कोण काढणार हे आधी माहीत नसतं, म्हणून अज्ञात प्रतिवादीविरुद्ध मनाई घेतात. दिल्ली उच्च न्यायालयाने 2002 मध्ये असा आदेश दिला होता. आपल्या कोर्टांत त्या अज्ञाताला 'अशोक कुमार'ही म्हणतात.

लीड्सची_सून:
जो ब्लॉग्ज इकडे ब्रिटनमध्ये चालतो, ॲव्हरेज जो अमेरिकेत जास्त. दोन्हींत अपमान नाही. पण ते 'लोकांना काय वाटेल' अशा अर्थाने, सरासरी माणसासाठी. घरच्या माणसाची ओळख करून देताना ऐकलेले नाहीत. 'ॲन ऑर्डिनरी मॅन' लिहू दे सरळ. 'कॉमन मॅन' आपल्याला लक्ष्मण यांच्या चौकटीच्या कोटामुळे जवळचा वाटतो, पण इकडे एखाद्याला नुसतं 'कॉमन' म्हटलं तर रीतभात नसलेला, असा अर्थ निघतो.

खडूफळा:
सगळ्यांचे मनापासून आभार. आज मधल्या सुट्टीत त्याला बोलावलं. सोम्यागोम्याचं उदाहरण दिलं आणि त्याचा चेहरा पडला. "म्हणजे मी बाबांना सोम्यागोम्या म्हटलं?" मी म्हटलं, तू नाही रे, गाईडाने म्हटलं. तुला काय म्हणायचं होतं, ते मराठीत सांग. थोडा वेळ थांबून म्हणाला, "चारचौघांसारखे आहेत, असं."

हा शब्द मला सुचला नव्हता! किती नेमका आहे. त्यात कुणाला खाली ढकललेलं नाही. 'ऑर्डिनरी' फळ्यावर लिहून दिलं. त्याने वहीत उतरवलं, मग खोडलं आणि 'माय फादर इज अ मेसन' असं लिहिलं. मी विचारलं नाही का ते. त्या वाक्याचा मार्क कापलेला नाही.

गाईडातल्या ओळीपुढे त्याने पेन्सिलीने 'तुच्छतेने' असं लिहून ठेवलंय. वर्गात तेच गाईड आणखी बावीस जणांकडे आहे. उद्या पहिल्या तासाला सगळ्यांना पेन्सिली काढायला सांगणार आहे.