सातव्या सामन्यातला पराभव एकट्या वोलच्या माथी मारू नका

मिसिसागाकर:

काल रात्री आपले टोरोंटो मेपल लीफ्स आइस हॉकीच्या बाद फेरीत फ्लोरिडा पँथर्सविरुद्धचा सातवा आणि निर्णायक सामना हरून अर्धा तासही झाला नव्हता, तेवढ्यात ब्रॅम्प्टनकर यांनी येथे लिहिले की जोसेफ वोल हा बाद फेरीच्या योग्यतेचा गोलरक्षक नाही, आपला दुसरा गोलरक्षक अँथनी स्टोलार्झ जायबंदी झाला नसता तर फ्लोरिडा पँथर्सला आपण केव्हाच घरी पाठवले असते, आणि आपले प्रशिक्षक क्रेग बेरूबे यांना दोष देणाऱ्यांना हॉकी कळत नाही. आज, १९ मे २०२५, व्हिक्टोरिया डेची सुट्टी आहे, म्हणून सविस्तर उत्तर देतो.

६-१ हा आकडा पाहिला की नजर आपोआप जाळ्याकडे जाते. पण आपण शेवटच्या चार सामन्यांत किती गोल केले, हेही पाहावे. चौथ्यात शून्य, पाचव्यात एक, सहाव्यात दोन आणि सातव्यात एक, म्हणजे चार सामन्यांत मिळून चार. त्यांपैकी जो एकच सामना आपण जिंकलो, तो २-० असा जिंकलो, आणि परक्या मैदानावर, हरलो तर हंगाम संपणार अशा अवस्थेत, एकही गोल आत न जाऊ देणारा गोलरक्षक हाच वोल होता. शुक्रवारी तो योग्यतेचा होता आणि रविवारी राहिला नाही, हे मला पटत नाही.

खरा प्रश्न त्याच्यासमोर उभ्या असलेल्या पाच जणांचा आहे. फ्लोरिडाचे आक्रमक आपल्या कोपऱ्यात घुसले की आपला बचावपटू मान वर करून सहकारी शोधत नाही. तो पक, म्हणजे खेळाची रबरी चकती, काचेवर आपटून कसाबसा बाहेर काढतो. तो पक ब्लू लाइनवर, म्हणजे आपल्या बचाव क्षेत्राच्या निळ्या सीमारेषेवर, पुढे सरकून उभ्या असलेल्या त्यांच्या बचावपटूच्या काठीवर अलगद जातो आणि पुन्हा तेच चक्र सुरू होते. चाळीस-पन्नास सेकंद असे कोंडले गेलेले खेळाडू बदलीसाठी बाकापर्यंत पोहोचू शकत नाहीत, पाय जड होतात, आणि मग सगळे जण आत गोळा होऊन गोलसमोर आडवे पडतात. फटका अंगावर झेलणे हे शौर्य आहेच, परंतु दोन धिप्पाड बचावपटू समोर आडवे आले की गोलरक्षकाला पक दिसतच नाही. काल दुसऱ्या सत्रात तीन गोल झाले ते या पद्धतीमुळे झाले, आणि ही पद्धत बेरूबे यांची आहे.

ब्रॅम्प्टनकर:

मी रागाच्या भरात लिहिले हे मान्य, पण मत बदलण्याचे कारण मला दिसत नाही. स्टोलार्झचे या हंगामातील फटके अडवण्याचे प्रमाण ०.९२६ होते आणि नियमितपणे खेळणाऱ्या गोलरक्षकांमध्ये ते संपूर्ण एनएचएलमध्ये, म्हणजे उत्तर अमेरिकेच्या या व्यावसायिक लीगमध्ये, सर्वोत्तम होते. या मालिकेच्या पहिल्या सामन्यात फ्लोरिडाच्या सॅम बेनेटचे कोपर त्याच्या डोक्याला लागेपर्यंत आपण पुढे होतो. बेनेटला ना पेनल्टी मिळाली, ना नंतर निलंबन. त्या क्षणानंतर ही मालिका वेगळी झाली, हे लहान मुलालाही दिसते.

आणि पद्धतीचेच म्हणाल तर, याच बेरूबे यांनी २०१९ मध्ये सेंट लुईसच्या संघाला स्टॅनले कप, म्हणजे लीगचे विजेतेपद, जिंकून दिले. तो संघ जानेवारीच्या सुरुवातीला गुणतक्त्यात तळाशी होता. प्रशिक्षक नोव्हेंबरमध्येच बदलला होता, तरीही संघ तळाशीच होता. जॉर्डन बिनिंग्टन जाळ्यासमोर आला आणि मग सगळे बदलले. बचावाची पद्धत तीच, गोलरक्षक नवा.

आपला इतिहासही तेच सांगतो. २०२१ मध्ये माँट्रियलविरुद्ध ३-१ अशा आघाडीनंतर सातव्या सामन्यात त्यांच्या गॅलाघरचा साधा फटका आपला तेव्हाचा गोलरक्षक जॅक कॅम्पबेल याच्या पायांमधून आत गेला, आणि तेथेच तो सामना संपला. समोरच्या जाळ्यात फ्लोरिडाचा बोब्रोव्स्की उभा असताना आपला गोलरक्षक केवळ बरा असून चालत नाही.

मिसिसागाकर:

इतिहास काढलाच आहे तर पूर्ण काढू. २०१८ मध्ये बोस्टनविरुद्धच्या सातव्या सामन्यात आपण शेवटच्या सत्रात ४-३ असे पुढे होतो आणि ७-४ असे हरलो. त्या रात्री आपला जेक गार्डिनर बर्फावर असताना बोस्टनने केलेले गोल कोणीही विसरलेले नाही, आणि तो बचावपटू होता. २०२४ मध्ये बोस्टनविरुद्ध ३-१ असे मागे असताना पाचवा आणि सहावा सामना कोणी जिंकून दिला? वोलने, दोन्ही वेळा केवळ एक-एक गोल देऊन. सातव्याआधी तो जायबंदी झाला आणि आपण जादा वेळेत २-१ ने हरलो. ज्याने तीन वेळा संघाला हंगामाच्या शेवटापासून वाचवले, त्याला आपण नालायक म्हणत आहोत.

निळी जर्सी:

हा वाद मी सकाळपासून वाचते आहे आणि आता गप्प बसवत नाही, कारण माझा मुलगा गोलरक्षक आहे. तो तेरा वर्षांचा आहे आणि सहाव्या वर्षापासून जाळ्यासमोर उभा राहतो. त्याच्या संघाच्या साठ मिनिटांच्या सरावात एकूण एक सराव आक्रमकांसाठी आखलेला असतो. मुले रांगेने येतात, फटका मारतात आणि रांगेत परत जातात. गोलरक्षकाला लागोपाठ तीस फटके येतात. गुडघ्यावर बसून पुन्हा उठायला, खांबाला पाय टेकवून कोन बंद करायला जो अवधी लागतो, तो त्याला कधीच दिला जात नाही. आम्ही स्वतंत्र शिकवणीचे पैसे वेगळे भरतो, आणि पॅड तर दर दोन वर्षांनी आखूड होतात.

गेल्या जानेवारीत एका सामन्यात त्याने पाच गोल दिले. पुढचे चार सामने त्याला बाकावर बसवले आणि प्रशिक्षकांनी त्याला कारण सांगितले नाही. घरी येताना हायवे ४१० वर तो एक शब्द बोलला नाही. गाडी थांबली तरी पॅड न काढता पाऊण तास मागच्या सीटवर बसून होता. म्हणून कोणी ‘गोलरक्षकाने हरवले’ असे लिहिले की मला वोलआधी तो दिसतो. आक्रमकाची चूक बर्फावर विरून जाते, पण गोलरक्षकाच्या चुकीवर मागे लाल दिवा लागतो.

जुना स्कारबरोवासी:

ताई, तुमच्या मुलाबद्दल वाईट वाटले, परंतु बचावपटूची बाजूही कोणीतरी मांडली पाहिजे. मी १९८७ पासून या देशात आहे. माझी मुलगी नऊ वर्षे बचावपटू म्हणून खेळली. गोलरक्षकाची चूक निदान सर्वांना दिसते आणि लोक सहानुभूती तरी दाखवतात. बचावपटूने अठरा मिनिटे चोख जागा धरली तरी त्याची नोंद कोणी करत नाही, आणि एकदा पक हातून निसटला की प्रेक्षकांतील पालक नाव घेऊन ओरडतात. एका बापाने माझ्या मुलीला काचेपलीकडून जे सुनावले ते मी येथे लिहू शकत नाही. ती तेव्हा अकरा वर्षांची होती.

निळी जर्सी:

काका, मी बचावपटूंना दोष दिलाच नाही. मी प्रशिक्षकांबद्दल बोलते आहे. या वयाच्या संघांचे बहुतेक प्रशिक्षक कधी जाळ्यासमोर उभे राहिलेले नसतात, आणि म्हणून गोलरक्षक त्यांच्यासाठी सरावाचे साहित्य असतो, खेळाडू नसतो.

ब्रॅम्प्टनकर:

हे वाक्य मला फार लागले आहे. मी सहा वर्षे मुलांच्या संघाला शिकवतो, एक डॉलरही न घेता. सकाळी साडेपाचला उठून, उणे वीस अंशांत गाडी तापवून रिंकवर पोहोचतो. आम्हाला बर्फ एका तासासाठी मिळतो, त्यातही अर्ध्या भागावर दुसरा संघ असतो. पंधरा मुलांना पास देणे, वळणे, मागे स्केटिंग करणे शिकवायचे, त्यात दोन गोलरक्षकांसाठी वेगळा माणूस कोठून आणायचा? ज्यांनी शिट्टी कधी हातात धरली नाही त्यांनी आम्हाला निर्दय ठरवावे, याचा मला संताप येतो.

निळी जर्सी:

मी तुमच्याबद्दल लिहिले नव्हते, तुम्ही शिकवता हे मला ठाऊकही नव्हते. पण तुमच्याच उत्तरात माझी तक्रार आली आहे. पंधरा जणांसाठी तास आहे आणि दोघांसाठी माणूस नाही. तेच दोघे हरल्यावर जबाबदार ठरतात. मग एनएचएलपर्यंत पोहोचलेल्या मुलाविषयी, ज्याने हे सगळे सोसले आहे, तुम्ही एका रात्रीत निकाल कसा देता?

पुण्याहून पाहणारा:

मी पहाटे उठून सामना पाहिला आणि नंतर कार्यालयात गेलो. महाविद्यालयात मी यष्टिरक्षक होतो, म्हणून ताईंचे म्हणणे मला आतून कळते. दिवसभर नव्वद षटके उठाबशा काढायच्या आणि एक झेल सुटला की तेवढाच लोकांच्या लक्षात राहायचा. मात्र एक फरक आहे. यष्टिरक्षकाला चेंडू गोलंदाजाच्या हातातून सुटताना दिसतो. हॉकीच्या गोलरक्षकासमोर विरोधी खेळाडू मुद्दाम येऊन उभा राहतो आणि पाहूच देत नाही. त्या खेळाडूला तेथून हटवणे हे बचावपटूचे काम आहे, आणि काल ते झालेले मला दिसले नाही.

जुना स्कारबरोवासी:

हे बरोबर आहे, पण त्याचा दोष बचावपटूंवर ढकलू नये. आपल्या क्रिस टॅनेव्हने या वयात जेवढे फटके अंगावर घेतले आहेत, तेवढे कोणी घेऊन दाखवावेत. तिसऱ्या सामन्यात जादा वेळेत फ्लोरिडाच्या मार्शंडचा फटका आपला बचावपटू मॉर्गन रायली याला लागून वळला आणि आत गेला. त्यात ना रायलीची चूक होती, ना वोलची. दोन गोलांची आघाडी आपण सगळ्यांनी मिळून घालवली होती.

माझा राग आक्रमकांवर आहे. मॅथ्यूजने या बाद फेरीत तेरा सामन्यांत तीन गोल केले. मार्नरचा करार २०२५ च्या उन्हाळ्यापर्यंतच होता, आणि घरच्या मैदानावरच्या पाचव्या व सातव्या सामन्यांत हे दोघे कोठे होते, हे मी शोधत राहिलो. काल डोमीने गोल केला तेव्हा मी खुर्चीतून उठलो होतो. एका मिनिटाच्या आत लुओस्टारिनेनने उत्तर दिले आणि मी खाली बसलो. आधीचे प्रशिक्षक कीफ यांच्या काळात संघ पक स्वतःकडे राखून खेळत असे, बेरूबे यांच्या काळात तो पुढे टाकून त्यामागे धावतो. दोन्ही पद्धतींत सातव्या सामन्यात एकच गोल होतो. मग प्रशिक्षकावर सगळे कसे ढकलता?

मिसिसागाकर:

काका, तुमचा मुद्दा मला टाळता येत नाही, आणि तो मी नाइलाजाने अर्धा मान्य करतो. अर्धाच, कारण पक पुढे टाकून त्यामागे धावायचे ठरवले की मार्नरसारख्या खेळाडूची सगळी कला बाजूला पडते. त्याला पक काठीवर घेऊन ब्लू लाइन ओलांडू दिली तरच तो मार्नर असतो. फ्लोरिडाचे बचावपटू असे टाकलेले पक आरामात उचलत होते, हे त्यांचे प्रशिक्षक पॉल मॉरिस यांनी ताडले होते. २००६ ते २००८ याच टोरोंटोत प्रशिक्षक असलेला आणि येथून काढलेला माणूस आपल्याला आपल्याच रिंकवर दोनदा ६-१ ने हरवतो, याचे मला फार दुःख आहे.

आणि गोलरक्षक दोन असले की एकाला दुसऱ्याची सावली मानायचे, ही सवय सोडली पाहिजे. १९६७ चा आपला शेवटचा कप ४२ वर्षांच्या जॉनी बोवर आणि ३७ वर्षांच्या टेरी सॉचक यांनी मिळून आणला होता.

ब्रॅम्प्टनकर:

दुपारी दुसरे सत्र पुन्हा पाहिले. फ्लोरिडाच्या सेथ जोन्सचा पहिला गोल वोलने अडवायला हवा होता, हे मत कायम आहे. त्यानंतर आपले पाचही जण इतके खोल आत सरकले होते की कोण कोणाला धरून आहे हे मलाही कळेना. तेवढे मिसिसागाकर यांचे बरोबर. ऑक्टोबरमध्ये स्टोलार्झ तंदुरुस्त असेल तर पहिला सामना त्यानेच खेळावा, यावर मी मागे हटणार नाही.

ताई, माझ्या संघात पुढच्या हंगामासाठी दोन गोलरक्षक आहेत. तासातली पहिली दहा मिनिटे त्यांच्यासाठी ठेवतो. त्या दहा मिनिटांत नेमके काय करून घ्यायचे, हे तुमच्या मुलाला विचारून मला कळवा.

निळी जर्सी:

विचारले. तो म्हणतो, फटके मारू नका. आधी फक्त एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत सरकू द्या, आणि प्रत्येक वेळी उठून उभे राहीपर्यंत थांबा.