मदत हवी आहे: प्रदेशाचं रिस्क असेसमेंट करतोय, अख्खा नकाशा 'मध्यम'च येतोय

नमस्कार मंडळी,

एका नदीखोऱ्यातल्या गावांचं आपत्ती जोखीम मूल्यांकन करायचं काम अंगावर आलंय. पूर, भूकंप आणि दरड असे तीन धोके धरलेत. प्रत्येक गावाला हॅझार्ड (म्हणजे धोका तिथे किती संभवतो), एक्सपोजर (म्हणजे धोक्याच्या टप्प्यात माणसं, घरं, पूल किती) आणि व्हल्नरेबिलिटी (म्हणजे फटका बसला तर किती कोलमडतील) यांचे १ ते ५ गुण दिले, बेरीज केली, तीनने भागलं आणि नकाशा रंगवला, तर सगळा पिवळाधमक. लाल नाही की हिरवा नाही.

उदाहरण देतो. टेकाडावरची मोठी वस्ती, पुराचं हॅझार्ड १, एक्सपोजर ५, व्हल्नरेबिलिटी ३. नदीकाठची मध्यम वस्ती, तिन्हीला ३. दोघांची सरासरी ३ च. आता टेकाडावर पाणी चढायचं कसं आणि कधी, हे कुणी सांगेल का मला?

शिवाय पूर दोन-चार वर्षांनी येतो आणि भूकंप दोन पिढ्यांत एकदा, हे एकाच पट्टीवर कसे मोजायचे? आणि व्हल्नरेबिलिटीत म्हातारी माणसं, लहान मुलं, कच्ची घरं, निरक्षरता, गरिबी असं सगळं घेतलंय, त्यांना वजनं कशी द्यायची? वरिष्ठ म्हणतात अनुभवाने द्या, पण माझा अनुभव म्हणजे हाच पहिला प्रोजेक्ट. जाणकारांनी प्लीज सांगा.

प्रतिसाद १

सरासरी टाका आधी, गुणाकार करा. तुमच्याच आकड्यांत टेकाड १५ आणि नदीकाठ २७ होतो, लगेच फरक दिसला की नाही? आणि पट्टी ० पासून सुरू करा. जिथे पाणी पोचतच नाही तिथे हॅझार्ड शून्य, मग लोक कितीही असोत, पुराची जोखीम शून्यच. देशांची तुलना करणारा इन्फॉर्म निर्देशांक आहे ना, तोही गुणोत्तर मध्यच (बेरजेऐवजी गुणाकारावरून काढलेली सरासरी) वापरतो, हॅझार्ड-एक्सपोजर एकत्र, मग व्हल्नरेबिलिटी, आणि तिसरी तोंड द्यायच्या क्षमतेची कमतरता. हा तिसरा भाग तुमच्याकडे दिसत नाहीये. इशारा वेळेत पोचतो का, बाहेर पडायचा रस्ता आधी बुडतो का, दवाखाना किती लांब, हे सगळं त्यात येतं.

प्रतिसाद २

वरच्यांशी सहमत, पण गुणांचा गुणाकारही तसा कामचलाऊच हो. ४ गुण म्हणजे २ च्या दुप्पट धोका असं थोडंच असतं! जमेल तिथे खरे आकडे घ्या, उदा. शंभर वर्षांच्या पुरात एक मीटरपेक्षा जास्त पाणी शिरेल अशी घरं किती. हा आकडा कुणालाही कळतो, 'जोखीम ३.२' कुणालाच कळत नाही.

पूर विरुद्ध भूकंप याचं उत्तर वार्षिक शक्यतेत आहे. शंभर वर्षांचा पूर म्हणजे शंभर वर्षांतून एकदा येऊन गप्प बसणारा पूर नव्हे, दरवर्षी १ टक्का शक्यता, आणि ३० वर्षांत तो किमान एकदा यायची शक्यता जवळपास २६ टक्के. भूकंपाच्या नकाशात बरेचदा ५० वर्षांत १० टक्के असं लिहिलेलं असतं, तो साधारण ४७५ वर्षांचा भूकंप झाला. तर १०, ५०, १००, ५०० वर्षांच्या घटनेत नुकसान किती ते काढा, नुकसान आणि वार्षिक शक्यता यांचा आलेख मांडा, त्याखालचं क्षेत्रफळ म्हणजे वर्षाचं सरासरी नुकसान. मग तिन्ही धोके एका पट्टीवर येतात. फक्त मोठा भूकंप या सरासरीत दडून जातो, म्हणून ५०० वर्षांचा आकडा शेजारी वेगळा दाखवाच. किल्लारीचा भाग १९९३ च्या आधी सगळ्यात कमी धोक्याच्या भूकंप झोनमध्ये होता, पुढचं सगळ्यांना माहीत आहे.

प्रतिसाद ३

आणि तिथे भूकंप पहाटे चारच्या सुमारास झाला, लोक घरात झोपलेले, दगड-मातीच्या जाड भिंती अंगावर आल्या. म्हणून एक्सपोजर दिवसाचं वेगळं, रात्रीचं वेगळं काढा.

दुसरं म्हणजे एकच व्हल्नरेबिलिटी तिन्ही धोक्यांना लावू नका राव. हलकं पत्र्याचं छप्पर भूकंपात बरं, वादळात उडून जातं. मातीची भिंत पुरात विरघळते आणि भूकंपातही कोसळते, म्हणजे दोन्हीकडून मार. बंगला बांधलेला पण एकटा राहणारा म्हातारा माणूस दोन मजले बुडवणाऱ्या पुरात पक्क्या घराच्या जोरावर वाचत नाही, त्याला उचलून नेणारा कुणी लागतो.

वजनांचं म्हणाल तर सुरुवातीला सगळ्यांना सारखी द्या, मात्र निरक्षरता आणि गरिबी बहुतेक ठिकाणी हातात हात घालून चालतात, दोन्ही ठेवलीत तर एकच गोष्ट दोनदा मोजली जाते. मग वजनं जरा वर-खाली करून बघा. पहिली दहा गावं तीच राहिली तर निवांत झोपा, बदलली तर तुमचा निकाल वजनांवरच उभा आहे असं समजा.

धागाकर्ता

खूप आभार सगळ्यांचे! गुणाकार करून पाहिला, नकाशा जरा बोलायला लागलाय. पण अजून एक, उंचीसाठी मोफत मिळणारा ३० मीटरचा एसआरटीएम डेटा (अंतराळातून रडारने मोजलेली उंची) घेतलाय. त्यावर एक मीटर पाण्याचा हिशोब चालेल का?

प्रतिसाद २

नाही चालणार. ३० मीटर ही आडवी चौकट झाली, उभी चूक कित्येक मीटरची असू शकते, आणि रडारला झाडांचे शेंडे, इमारतींची छपरंही जमीनच वाटते. दाट झाडीची नदीकाठची वस्ती त्यात टेकाडावर दिसेल. झाडं-इमारती वजा केलेलं मॉडेल मिळतं ते घ्या, जवळच्या ओढ्या-नदीपासून उंची किती हे काढा, आणि सेंटिनेल-१ उपग्रहाच्या पूरकाळातल्या प्रतिमांशी ताडून पाहा, त्या रडारच्या असल्याने ढगातूनही दिसतं. मग दोन-चार गावांत जाऊन मागच्या पुराची रेघ कुठल्या भिंतीवर होती ते विचारा आणि टेपने मोजा. रेघ आणि मॉडेल जुळत नसेल तर रेघ खरी धरा.