‘कन्फेशनल आर्ट’ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न: नाशिकला आमच्या चित्रकलेच्या वर्गाचं प्रदर्शन आहे. मी ट्रेसी एमिन या ब्रिटिश कलावतीवर टिपण लिहितेय. ‘कन्फेशनल आर्ट’साठी, म्हणजे स्वतःचं खासगी आयुष्य उघड मांडणाऱ्या कलेसाठी, ‘कबुली’ चालेल? आणि तिच्या १९९५च्या तंबूच्या कलाकृतीचं नाव मराठीत कसं आणू? ‘१९६३ ते १९९५ मी ज्यांच्यासोबत झोपले ते सगळे’ असं लिहिलं, तर आई म्हणाली, हे भिंतीवर लावणार?

उत्तर: ‘कबुली’ नकोच. ती आरोपी देतो, पोलीस घेतात. ‘आत्मनिवेदन’ही सुचेल, पण आपल्या टाकळीला तप केलेल्या समर्थांच्या दासबोधात ती नववी भक्ती आहे, तिथे ‘मी’ उरतच नाही. एमिनच्या कामात तर निऑन दिव्यांची अक्षरंही तिच्याच हस्ताक्षरात असतात. मला ‘गूज’ हवं. गूज जिवाच्या माणसाला, कानाशी सांगायचं. त्या तंबूत आतून कापडी अक्षरांत १०२ नावं शिवलेली होती आणि ती वाचायला वाकून आत शिरावं लागे. परक्या माणसाला इतकं जवळ बोलावून सांगणं, हे गूजच.

आणखी एक उत्तर: ‘गूज’ पटलं. ताई, नावात ‘सोबत झोपले’ ठेवू नका. त्यानं फक्त शरीरसंबंधच डोळ्यांपुढे येतो. त्या १०२ नावांत तिची आजी होती, जुळा भाऊ होता. आपल्याकडे ‘निजणे’ आहे ना! पंचवटीत आजोळी मी आजीजवळ निजायचे, तिच्या लुगड्याच्या गोधडीत. नवऱ्याजवळही निजणंच. ‘मी ज्यांच्याजवळ निजले ते सगळे’ म्हणा. आईही हरकत घेणार नाहीत.

प्रश्नकर्ती: ‘निजले’ वाचून अंगावर काटा आला. तेच घेते. एकच अडचण राहते. त्या नावांत जन्माला न आलेली तिची दोन बाळंही आहेत. त्यांना ‘जवळ’ कसं म्हणू? ती तर तिच्या आतच होती.

उत्तर: मग ‘कुशीत’ बघा. आजीची कूस, प्रियकराची कूस, आणि गर्भाशय तीही कूसच. ‘माझ्या कुशीतले, मी ज्यांच्या कुशीत’. नाव लांबतं, पण बाळं बाहेर राहत नाहीत. तंबू २००४मध्ये लंडनच्या गोदामाच्या आगीत जळला आणि तिनं तो पुन्हा केला नाही. टिपणात हेही लिहा.

प्रश्नकर्ती: लिहिते. नावाला ‘निजले’, बाळांच्या ओळीत ‘कूस’.