ख्रिसमस ट्रीची मधलीच माळ पेटत नाहीये, दुरुस्त करू की उपटून टाकू?

मंडळी, डोकं आउट झालंय म्हणून विचारतोय. आमचं आर्टिफिशियल झाड आहे, लाइटच्या माळा आधीच फांद्यांना लावून येतात तसलं, तीन भागांचं. खालचा भाग आणि शेंडा मस्त पेटतो पण मधल्या भागातली अर्धी माळ ठार बंद, कमरेला काळा पट्टा बांधल्यासारखं दिसतंय. एलईडी नाही, जुने फिलामेंटवाले बारके बल्ब, १२० व्होल्टवर चालणारे.

प्लगमधली सरकती झडप उघडून फ्यूज बघितले, दोन्ही ठीक. खांबाजवळची पिन काढून परत घट्ट लावली. मग एकेक बल्ब उपटून तिथे चालू बल्ब घालत बसलो, तीसेक झाले असतील, पाठ गेली कामातून, आणि मधेच फोन आला तर कुठून सुरुवात केली होती तेच विसरलो.

एक कळत नाही, एक बल्ब गेला तरी बाकीचे चालू राहतात म्हणतात, मग अर्धी माळ कशी गेली? आणि झाडाच्या बल्बवर २.५ व्होल्ट आहे, मी आणलेल्या पाकिटावर ३.५, चालेल का? की सगळं कापून वरून एलईडी गुंडाळू? घरात सगळ्यांचं मत तेच आहे, पण फांदीफांदीला क्लिपा आहेत हो, हात लावायची हिंमत होत नाही.

प्रतिसाद १:
कापू नका, अर्धीच गेलीये म्हणजे सापडेल. १०० बल्बच्या माळेत बहुतेक ५०-५० च्या दोन सिरीज (एकामागोमाग एक जोडलेल्या बल्बांच्या ओळी) असतात, त्यातली एक तुटलीये. फिलामेंट तुटलं की बल्बच्या आतला शंट (फिलामेंटला वळसा देणारी बारीक तार) करंट पुढे सोडतो, म्हणून बाकीचे चालू राहतात. पण बल्ब होल्डरमध्ये सैल असला किंवा शंटच चालला नाही की सगळी ओळ बंद. आणि गेलेले बल्ब तसेच ठेवले तर त्यांचा व्होल्टेज उरलेल्यांवर पडतो, मग तेही भराभर जातात.
३.५ वाले परत करा, ते ३५ च्या माळेचे असतात. एलईडीचे सुटे बल्बही यात घालू नका.

प्रतिसाद २:
बिनस्पर्शाचा बीप करणारा टेस्टर घ्या, माळ चालू ठेवून बंद ओळीतल्या बल्बांवरून ओळीने फिरवा, बीप बदलेल त्याच्या आसपास घोळ. वायरवर नाही हां, बल्बच्या टोकाशी धरा, शेजारून जाणारी दुसरी वायर चालू असते आणि तो उगाच ओरडत राहतो. बल्ब काढताना मात्र प्लग काढा.

धागाकर्ता:
सापडला!! मी तपासलेल्यांतलाच निघाला, म्हणजे चूक माझीच. बल्बच्या बुडाला केसासारख्या दोन तारा असतात ना, त्यातली एक परत बसवताना मुडपून आत गेली होती आणि दुसरीवर हिरवा गंज. पण नुसता बल्ब बदलून पेटेना, होल्डरमधला पत्राही हिरवा होता, तो टाचणीने खरवडला तेव्हा कुठे भक्कन पेटली. या गडबडीत दोन क्लिपा तुटल्या, त्या पॅकिंगच्या तारेने बांधल्यात.

आता शेंड्याकडची ओळ मधेच लुकलुकतेय, हलवलं की थांबते. हापण होल्डरच का?