किंमत उतरली की ऐटही उतरते का?

समुद्रकाठचा सारथी (प्रश्न)

नमस्कार मंडळी.

माझ्याकडे २०१७ सालची पोर्शे ७१८ बॉक्स्टर ही उघड्या छपराची स्पोर्ट्स कार आहे. मी तिचा पहिलाच मालक असून गाडी ताडदेव पासिंगची, म्हणजे एमएच ०१ आहे. गाडीविषयी माझी काहीही तक्रार नाही आणि ती विकण्याची निकडही नाही. तरीही काही महिन्यांपासून एक गोष्ट मनाला खटकते आहे. घरी बोलून दाखवली, तर ‘तुम्हाला दुसरा उद्योग नाही’ एवढेच उत्तर मिळते, म्हणून येथे मांडतो.

घेतली तेव्हा गाडीची शोरूम किंमत ऐंशी लाखांच्या वर होती. वाहन कर, विमा आणि मीच हौसेने निवडलेली जादा साधने धरून खर्च एक कोटीच्या पलीकडे गेला. आज त्याच वर्षाचे तेच मॉडेल जुन्या गाड्यांच्या जाहिरातींत जवळजवळ नव्या फॉर्च्युनरच्या भावात दिसते. गाडी म्हणजे मुदत ठेव नव्हे हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते, त्यामुळे घसाऱ्याचे दुःख नाही. मात्र मध्यंतरी वरळी सी फेसवर रविवारी सकाळी नेहमीच्या गाड्या उभ्या असताना माझ्याच रंगाची बॉक्स्टर घेऊन एक पंचविशीचा तरुण आला. डोंबिवलीचा, गाडीचा तिसरा मालक, आणि गाडी कर्जावर घेतलेली. हे सर्व त्याने स्वतःच मोकळेपणाने सांगितले. मी त्याचे मनापासून अभिनंदन केले. परंतु त्यानंतर गाडीचे आवरण काढताना पूर्वी जे वाटायचे, ते तितकेसे वाटत नाही.

मी ज्याला आजवर गाडीविषयीचा अभिमान समजत होतो, तो खरोखर गाडीविषयीचा होता, की इतरांना ती परवडत नाही याविषयीचा? दुसरे असे की, वेगळेपण टिकवायचे असेल तर ही विकून पोर्शेच्याच अधिक महाग ९११ कडे जाणे शहाणपणाचे ठरेल का? अनुभवी सभासदांनी स्पष्ट मत द्यावे.

गिरगावचा लेखापाल

व्यवसायाने हिशेबनीस असल्यामुळे आधी आकडे मांडतो, अभिमानाकडे नंतर येतो.

आयात गाडीच्या बाबतीत आपण जिला गाडीची किंमत म्हणतो, तिच्यात गाडी फारच थोडी असते. समजा, आज बंदरात उतरलेल्या एका स्पोर्ट्स कारचे विमा आणि वाहतूक धरून मूल्य ५० लाख रुपये आहे. २०२५ च्या अर्थसंकल्पापासून ४० हजार डॉलरांवरील गाड्यांना ७० टक्के मूळ सीमाशुल्क आणि ४० टक्के कृषी पायाभूत सुविधा उपकर लागतो. म्हणजे ५५ लाख, बेरीज १ कोटी ५ लाख. त्यावर मोठ्या गाड्यांसाठी सप्टेंबर २०२५ मध्ये लागू झालेला ४० टक्के जीएसटी, म्हणजे ४२ लाख. आयात गाडीला महाराष्ट्रात २० टक्के वाहन कर लागतो आणि त्याची कमाल मर्यादा २०२५ मध्ये २० लाखांवरून ३० लाखांवर नेली आहे. तेव्हा तेही जवळजवळ पुरते २९ लाख. विक्रेत्याचा नफा आणि विमा अजून धरलेलाच नाही, तोच आकडा पावणेदोन कोटींच्या पुढे गेला आणि त्यातील गाडी ५० लाखांची. आपण २०१७ मध्ये घेतली तेव्हाचे दर निराळे होते, पण चित्र याच जातीचे होते.

घसारा टक्केवारीने होतो आणि आपल्याकडे ती टक्केवारी या फुगलेल्या आकड्यावर बसते. जर्मनीतील मालकाची गाडी आपल्याइतक्याच टक्क्यांनी उतरली, तरी त्याच्या खिशातून जाणारी रक्कम आपल्यापेक्षा कितीतरी कमी असते. उलट बाजूही लक्षात घ्यावी. आपल्या जुन्या गाडीला आज जो भाव येतो, तोही नव्या गाडीवरील याच करांच्या भिंतीला टेकून उभा आहे. जुलै २०२५ मध्ये भारत आणि ब्रिटन यांच्यात झालेल्या व्यापार करारानुसार तेथून येणाऱ्या ठरावीक संख्येच्या गाड्यांवरील शुल्क टप्प्याटप्प्याने १० टक्क्यांपर्यंत खाली येणार आहे. ज्यांच्या तळघरात आज ब्रिटिश बनावटीची अ‍ॅस्टन मार्टिन किंवा मॅक्लारेन उभी आहे, त्यांच्या गाडीचा एक स्क्रूही न हलता तिचा भाव हलू शकतो. मुंबईतील मालक ज्या वेगळेपणाचा तोरा मिरवतो, त्याचा बराचसा भाग सीमाशुल्क खात्याने घडवलेला आहे, असे माझे मत आहे. हे कटू वाटेल, पण पुदुच्चेरी पासिंग करून कर वाचवणाऱ्यांना विकायच्या वेळी मुंबईतला ग्राहक ‘इथला कर कोण भरणार’ असे विचारून भाव पाडतो, तेव्हा त्यांनाही हेच कळते.

आता अभिमान. आपला मूळ प्रश्न गाडीविषयी की परवडण्याविषयी, असा आहे. दोन्ही, असे उत्तर दिले तर ते पळवाट ठरेल, म्हणून स्पष्टच सांगतो: किंमत कळल्यावर ज्या दिवशी वाटणे बदलले, त्या दिवसापुरते तरी ते परवडण्याविषयी होते.

जॅक आणि पाना

लेखापाल साहेबांचा हिशेब बिनतोड आहे, पण त्यात एक रकाना राहिला. गाडीची किंमत उतरते. तिच्या सुट्या भागांची उतरत नाही. गाडी पन्नास लाखांना मिळाली म्हणून ब्रेकच्या डिस्क पन्नास लाखांच्या गाडीच्या भावाने मिळत नाहीत. त्या कोटीच्या गाडीच्याच राहतात, आणि गाडी जुनी झाल्यामुळे लागतात मात्र जास्त. जुन्या स्पोर्ट्स कारची खरी चाळणी येथे बसते. स्वस्तात घेणारे पुष्कळ असतात. पहिले मोठे बिल आल्यावर गाडी नीट ठेवणारे त्यातले थोडे उरतात, आणि बाकीच्यांच्या गाड्या वर्षभरात पुन्हा जाहिरातीत दिसतात.

माझ्याकडे अशा गाड्या विक्रीपूर्व तपासणीसाठी येतात. विकणारा बहुधा मीटरकडे बोट दाखवतो: ‘बघा, फक्त तीस हजार किलोमीटर.’ मी संगणक जोडतो. पोर्शेच्या इंजिनाचा संगणक चाललेले तासही नोंदवतो आणि इंजिन मर्यादेपलीकडे किती वेळा फिरवले गेले, त्याचीही नोंद ठेवतो. तीस हजार किलोमीटर आणि दीड हजार तास असे आकडे निघाले, तर सरासरी वेग ताशी २० किलोमीटर होतो. म्हणजे ही गाडी महामार्गावर धावलेली नाही. ती पेडर रोडला आणि माहीम कॉजवेला पहिल्या गिअरमध्ये तापत उभी राहिली आहे. त्यानंतर मी टायरच्या बाजूवरचे चार आकडे पाहतो. ‘३२१९’ असे असेल, तर टायर २०१९ च्या बत्तिसाव्या आठवड्यात तयार झाला. नक्षी नव्यासारखी आणि रबर दगडासारखे, अशा टायरवर पावसात कोस्टल रोडला जाणे मला पसंत नाही. पुढच्या टायरच्या भिंतीला करंगळीच्या पेराएवढा फुगवटा दिसला, तर तो आपल्या खड्ड्यांचा शिक्का समजावा.

हे सांगण्याचे कारण असे की, आपल्या गाडीचे आणि त्या तरुणाच्या गाडीचे वर्ष, रंग आणि मॉडेल एक असले, तरी त्या दोन गाड्या एकच आहेत असे मी तरी तपासल्याशिवाय म्हणणार नाही. कदाचित त्याची आपल्यापेक्षा उत्तम निघेल, हेही लक्षात ठेवावे. बाजार मात्र दोघांना एकाच भावात बसवतो, कारण जाहिरातीत वर्ष, मीटर आणि ‘कितवा मालक’ एवढेच लिहिलेले असते.

९११ विषयी एक गोष्ट. १९९६ ची पहिली बॉक्स्टर आणि त्याच्या पुढच्या वर्षी आलेली ९९६ पिढीची ९११ यांचा पुढचा भाग, दिव्यांसकट, सारखाच होता. कंपनीला खर्च वाचवणे भाग होते. ९११ च्या मालकांना याचा असा राग आला की, त्या दिव्यांना ‘तळलेली अंडी’ म्हणू लागले. आपल्या गाडीचा चेहरा स्वस्त गाडीला मिळाला, हे खरे दुखणे. त्यात इंजिनातील आयएमएस नावाच्या बेअरिंगच्या बिघाडांमुळे झालेल्या बदनामीची भर पडली आणि ९९६ वर्षानुवर्षे सर्वांत स्वस्त ९११ म्हणून विकली गेली. पुढे तिचेही भाव पुन्हा चढले. तेव्हा बॉक्स्टरपासून पळून ९११ मध्ये आसरा शोधणाऱ्याला तेथेही बॉक्स्टर भेटणार नाहीच, याची खात्री मी देणार नाही.

कल्याण-शीळ रोड

मी तो तरुण नव्हे, परंतु डोंबिवलीचाच आहे आणि माझ्याकडे तिसऱ्या हाताची फोर्ड मस्टँग आहे, म्हणून लिहिणे भाग आहे.

मूळ लेखात ‘डोंबिवलीचा’ हा शब्द ज्या सुरात आला आहे, तो सूर लेखकाने स्वतः एकदा पुन्हा वाचावा. वरळीचा तिसरा मालक असता तर त्याचा पत्ता लिहिला असता का? मी राग धरत नाही, कारण लेखकाने प्रामाणिकपणे मन उघड केले आहे आणि तेवढे करायलाही धैर्य लागते.

मस्टँग २०१६ मध्ये भारतात आली, तेव्हा तिची शोरूम किंमत ६५ लाख होती आणि मी महाविद्यालयात होतो. पुढे २०२१ मध्ये फोर्ड कंपनीने येथील कारखाने बंद करण्याचा निर्णय जाहीर केला, पहिल्या मालकांपैकी काहींनी धास्तीने गाड्या काढल्या, आणि त्या घसरणीमुळेच मला दार उघडे मिळाले. घसारा म्हणजे एकाच्या खिशातून वजा झालेली आणि दुसऱ्याला मिळालेली संधी. मला माझ्या गाडीचा अभिमान पहिल्या मालकापेक्षा कमी नाही. त्याने एकदा धनादेश लिहिला, मी दर महिन्याला हप्ता भरतो. पाच लिटरचे व्ही-८ इंजिन सुरू होते, तेव्हा आमच्या सोसायटीचा वॉचमन खुर्चीवरून उठतो. तो आरसी बुकावर कितवा मालक लिहिले आहे, ते विचारत नाही.

आणि आपल्या मुंबईतलेच सर्वांत गाजलेले उदाहरण घ्या. सचिन तेंडुलकर यांना २००२ मध्ये फॉर्म्युला वन शर्यतपटू मायकेल शूमाकर यांच्या हस्ते फेरारी ३६० मोडेना मिळाली, सीमाशुल्काच्या सवलतीवरून वाद झाला, शेवटी शुल्क फेरारीची तेव्हाची मालक असलेल्या फियाट कंपनीने भरले, आणि २०११ मध्ये ती गाडी सुरतच्या एका व्यावसायिकाला विकली गेली. त्या गाडीचा दुसरा मालक होण्यात कमीपणा वाटेल, असा एक तरी माणूस या महाराष्ट्रात दाखवा.

पार्लेकरीण

चर्चा चांगली चालली आहे, तरी मूळ गृहीतच तपासायला हवे. ७१८ बॉक्स्टर ही दुर्मीळ गाडी कधी होती? तिचे उत्पादन हजारोंनी झाले, शोरूममध्ये जाऊन पैसे भरणाऱ्या कोणालाही ती मिळत होती. ज्या गाडीला पैसे हीच एकमेव अट असते, तिचे वेगळेपण पैशाबरोबरच वितळणार.

खरी दुर्मिळता निराळ्या रीतीने राखली जाते. फेरारी कंपनीच्या २०१३ च्या लाफेरारी या मॉडेलच्या ४९९ गाड्या ठरल्या होत्या आणि कोणाला द्यायची ते कंपनीने निवडले. पैसे घेऊन उभे राहणे पुरेसे नव्हते. अशा गाड्या जुन्या बाजारात मूळ किमतीच्या वर जातात. त्या मालकांची दुखणी वेगळी असतात: गाडी चालवली की किलोमीटर वाढतात, किलोमीटर वाढले की भाव पडतो, म्हणून गाडी वातानुकूलित खोलीत उभी राहते. हा अभिमान मला तरी तिजोरीच्या चावीचा वाटतो.

हलक्या कुळाच्या म्हणून हिणवलेल्या गाड्यांचा इतिहासही पाहण्यासारखा आहे. १९७६ मध्ये बाजारात आलेली पोर्शे ९२४ मुळात फोक्सवॅगनसाठी आखलेली होती आणि तिचे इंजिन ज्या घराण्यातले होते, ते फोक्सवॅगनच्या एलटी व्हॅनमध्येही बसत असे. ९११ वाले तिला पोर्शे मानायला तयार नव्हते. फेरारीनेच काढलेल्या डिनो २४६ वर तर फेरारीचे नावही कारखान्यातून लावलेले नसे. आज तीच डिनो लिलावांत काही लाख डॉलरांना जाते. म्हणजे हेटाळणी आणि किंमत या दोन्ही गोष्टी दर पिढीला जागा बदलतात, आणि त्यावर मालकाचे काहीही चालत नाही.

सारथी, आपण गाडी विकण्याआधी एवढे पाहावे की, छप्पर उघडून आपण ती शेवटची कधी चालवली. ७१८ चे पेट्रोल मॉडेल २०२५ मध्ये बंद झाले आहे. आपली चार सिलिंडरची असल्यामुळे तिचा भाव उद्या उसळेल असे मी म्हणत नाही. शौकीन लोक ७१८ च्याच सहा सिलिंडरच्या जीटीएस ४.० या प्रकारामागे जातील. परंतु ९११ घेतलीत, तर पुन्हा नव्या आकड्यावर तोच घसारा सुरू होईल, आणि ९११ चा घसारा कमी असला तरी तो शून्य नसतो.

समुद्रकाठचा सारथी

सर्वांचे आभार. कल्याण-शीळ रोड यांचा आक्षेप मान्य आहे; तो शब्द तेथे अनावश्यक होता. लेखापालांचे स्पष्ट वाक्य पचायला वेळ लागेल, पण ते खोडता येत नाही.

९११ चा विचार तूर्त बाजूला ठेवतो. जॅक आणि पाना यांनी सांगितलेले टायरचे आकडे तळघरात जाऊन पाहिले. मागचे दोन २०१८ चे आहेत आणि त्यांची नक्षी अजून छान आहे, म्हणजे नेमके ते म्हणतात तसे. ते बदलतो. आता एकच व्यावहारिक शंका उरली आहे: विम्याच्या नूतनीकरणात कंपनीने गाडीचे घोषित मूल्य इतके खाली लिहिले आहे की, पुराच्या पाण्यात गाडी गेली तर हाती काय येईल, याची धास्ती वाटते.

गिरगावचा लेखापाल

घोषित मूल्याचा ठरलेला तक्ता पाच वर्षांपर्यंतच असतो: सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के, वर्षापर्यंत १५, मग दरवर्षी २०, ३०, ४० आणि पाचव्या वर्षी ५० टक्के घट. त्यापुढील गाडीचे मूल्य विमा कंपनी आणि मालक यांच्या संमतीने ठरते, त्यामुळे त्यांनी लिहिलेला आकडा निमूटपणे स्वीकारण्याचे बंधन आपल्यावर नाही. सध्या विक्रीला असलेल्या तशाच गाड्यांच्या जाहिराती, आपली सर्व्हिसची बिले आणि नव्या टायरची पावती जोडून वाढीव मूल्याची लेखी मागणी करा. हप्ता थोडा वाढेल. इंजिनात पाणी शिरल्यास मिळणारे संरक्षण सहसा मूळ पॉलिसीत नसते, ते वेगळे घ्यावे लागते; आपले तळघर वरळीचे आहे, तेव्हा ते पावसाळ्यापूर्वीच घ्या.